अष्टमीची सकाळ, सदर बाजार

गच्चीवर या.

जिना अरुंद आहे. भिंतीला हात टेकत सावकाश चढा. आज घाई कसलीच नाही.

सकाळचे आठ वाजताहेत. कार्तिक वद्य अष्टमी. खाली रायपूरचा सदर बाजार अजून उघडायचा आहे. सराफांच्या दुकानांची शटरं खाली आहेत. रस्त्यावर फक्त एक झाडू चालतोय. कुणी झारेकरी दुकानांपुढची धूळ गोळा करतोय, पायरीच्या सांदीत ब्रश घालून. कालच्या कामातला सोन्याचा एखादा कण त्या धुळीत असेल.

तो आवाज ऐका.

खर्र. मग काहीच नाही. पुन्हा खर्र.

श्वास आत घ्या. हवा नाकाला गार लागते. पायांखालची फरशीही गारच आहे.

श्वास सोडा.

मुलं तुमच्या आधीच वर आली आहेत. तात्यापाऱ्यातली दोन-तीन, बुढापाऱ्यातली काही, काही याच गल्लीतली. घरी मराठी, आपसात हिंदी. आत्ता मात्र आपसातलं बोलणंही थांबलंय, कारण त्यातल्या एकाचं बोट वर गेलंय.

“मॅडम, चाँद! दिन में!”

काही बोलू नका. नुसतं त्याच्या बोटामागून बघा.

तिथे आहे. पश्चिमेकडे कललेला, बराच उंच. निवळ ताकाच्या रंगाचा. अर्धा.

त्याच्याकडे बघत राहा. डोळे ताणू नका. दिवसाचा चंद्र पहिल्या नजरेला पातळ दिसतो, मग हळूहळू भरत जातो. त्यावरचे डाग दिसायला लागतात. अर्ध्या भागाची सरळ कड दिसायला लागते. त्या कडेपलीकडे आकाश निळंच आहे, इतरत्र आहे तेवढंच निळं.

तिथे चंद्राचा उरलेला अर्धा भाग आहे. दिसत नाही, पण आहे.

थोडं तिथेच थांबा.

आता हातात गोळा घ्या.

कुंभाराकडच्या मातीचा आहे, लिंबापेक्षा जरा लहान. वरून छुईचा हात दिलाय. छत्तीसगडमध्ये घराच्या भिंती सारवतात तीच पांढरी माती. परवा वळला, काल वाळला. उदबत्तीची काडी खोचून ठेवली आहे, म्हणजे बोटं मध्ये येत नाहीत. वळताना एका बाजूला अंगठा जोरात दाबला गेला, तो ठसा तसाच राहिलाय.

वजन जाणवू द्या. खडबडीतपणा जाणवू द्या.

काडी धरून हात लांब करा. गोळा वर न्या, अगदी चंद्राच्या शेजारी. ऊन तुमच्या डाव्या खांद्याकडून येतंय. तेच ऊन गोळ्यावर पडतंय.

बघा.

आधी गोळा. मग चंद्र. मग पुन्हा गोळा.

दोन्हींची डावी बाजू उजळ. दोन्हींची कड एकाच तिरकेपणाने उतरलेली. गोळा अर्धा. चंद्र अर्धा. एकाच उन्हात.

एक हातभर अंतरावर आहे, दुसरा सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. ऊन दोघांना सारखंच मिळतं.

हा क्षण मुलांना पुरेपूर मिळू द्या. एकेकाला गोळा द्या. रांग लावू नका, आपोआप लागते. कुणी एक डोळा मिटून बघेल, कुणी जीभ बाहेर काढून. कुणी गोळा चंद्रावरच नेऊन चंद्र झाकेल आणि हसेल. हसू द्या.

तुम्ही मात्र गोळ्याच्या त्या कडेवर नजर ठेवा, जिथे ऊन संपतं. अंगठ्याचा ठसा नेमका तिथे आणा. काडी थोडी फिरवा. थोडी अजून.

दिसलं? उन्हात होता तेव्हा ठसा जवळजवळ दिसतच नव्हता. आता कडेवर आल्याबरोबर त्यातली एकेक रेघ उभी राहिली. प्रत्येक रेघेला तिची सावली आहे.

दुर्बिणीतून चंद्र बघणारे म्हणूनच पौर्णिमेची वाट बघत नाहीत. खळगे बघायचे ते अष्टमीला, उजेड-अंधाराच्या कडेवर. तिथे चंद्रावर सूर्य उगवत किंवा मावळत असतो आणि लहानशा उंचवट्याचीही सावली लांब पडते.

ठशाकडे बघत राहा. बोटाच्या एवढ्याशा खुणेत किती डोंगर आहेत.

श्वास.

आता एखादं मूल म्हणेलच, “हा जो काळा भाग आहे ना, ती पृथ्वीची सावली.”

बहुतेक वर्गांत कुणीतरी हे म्हणतंच. मोठी माणसंही म्हणतात. चुकीचं आहे असं लगेच सांगू नका. सांगितलेलं उत्तर परीक्षेपर्यंत टिकतं, फार तर.

त्याला एवढंच म्हणा, डावा हात सूर्याकडे कर. डोळे तिकडे न्यायचे नाहीत, नुसता हात.

आता उजवा हात चंद्राकडे.

असाच उभा राहा.

सगळे उभे राहा. तुम्हीही.

दोन हातांमध्ये काटकोन आहे. खांद्यांना तो कळतो. अर्धा चंद्र दिसतो तेव्हा हे दोन हात काटकोनातच असतात, कुठल्याही महिन्यात, कुठल्याही गावी. सामोसच्या अ‍ॅरिस्टार्कसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात याच काटकोनावरून सूर्य किती लांब आहे ते काढायचा प्रयत्न केला. त्याने कोन ८७ अंश धरला, खरा आहे जेमतेम ९० ला टेकलेला. उत्तर फार कमी आलं. तरी सूर्य चंद्रापेक्षा पुष्कळ दूर आणि पुष्कळ मोठा आहे, हे दोन हात पसरून कळलं होतं.

हात खाली घेऊ नका. अजून एक काम आहे.

पृथ्वीची सावली कुठे असेल? सूर्याच्या अगदी उलट दिशेला. मग डावा हात आहे तिथून सरळ रेषा आपल्या छातीतून पार पलीकडे न्या.

मुलं वळतात. बोटं खाली जातात. पश्चिमेला, कठड्याच्याही खाली, फरशीच्या आत, जमिनीआड. सावली तिथे आहे.

आणि चंद्र वर आहे.

त्या मुलाकडे बघा. तो काही बोलत नाही. एकदा चंद्राकडे बघतो, एकदा फरशीकडे.

त्याला तिथेच राहू द्या.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांबरोबर खगोलशास्त्र शिकवण्यावर काम केलं. आकृतीच्या जोडीला हातवारे आणि शरीराची हालचाल आली की मुलांना अवकाशातल्या जागा धरता येतात, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पुस्तकातल्या चित्रात आपण पृथ्वीच्या बाहेर कुठेतरी वर तरंगत बघत असतो. गच्चीवर आपण पृथ्वीवर असतो. हा फरक लहान नाही.

हात खाली घ्या. खांदे सैल सोडा.

खाली पहिलं शटर वर गेलं. तो आवाज येऊ द्या, जाऊ द्या.

सराफाच्या घरातल्या एका मुलीने चांदीचा मणी आणलाय. चकचकीत, पॉलिश केलेला. तिला वाटतं, चंद्रासाठी मातीपेक्षा हा बरा.

तिचा मणी उन्हात धरा. घाई न करता बघा.

मण्यावर अर्ध दिसत नाही. उन्हाचा एक टोकदार ठिपका दिसतो, बाकी सगळं आरशातलं. निळं आकाश, कठडा, तिचा स्वतःचा चेहरा फुगवलेला. उजळ बाजू कुठली, काळी कुठली, मणी सांगतच नाही.

पुन्हा मातीचा गोळा धरा. तो सांगतो.

चंद्राची जमीन धुळीची, खडबडीत. पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच उजेड ती परत देते. खालच्या डांबरी रस्त्याची गत साधारण तीच. काळ्याशार आकाशात एकटा असतो म्हणून तो रात्री एवढा पांढरा वाटतो. साऱ्या बाजारात चांदी भरलेली असताना चंद्राच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे बाहेरचा रस्ता, हे त्या मुलीला फारसं आवडलेलं नाही. मणी तिने मुठीत बंद केलाय.

असू दे. तो संध्याकाळी लागणार आहे.

आज वद्य अष्टमी. पण कुठल्या महिन्याची?

घरातल्या मराठी कॅलेंडरात कार्तिक आहे. गल्लीत विचारा, अगहन म्हणतील. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्रिपुरी पौर्णिमेनंतर इथल्या बायका अगहनच्या गुरुवारची लक्ष्मी मांडतात, उंबऱ्याशी तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. आपल्या मार्गशीर्षातले गुरुवार पंधरा दिवसांनी सुरू होतात. कृष्णाष्टमी आपल्याकडे श्रावणातली, त्यांच्याकडे भादोंमधली. रात्र एकच. बैलांचा सण दोन्हीकडे एकाच अमावास्येला, महिन्याची नावं दोन.

शुक्ल पक्ष आला की दोन्ही घरी महिन्याचं नाव पुन्हा एक होतं. तृतीयेला हरतालिका, तीच इथली तीजा.

मुलं या दोन्ही महिन्यांत वाढतात आणि त्यांना कधी अडचण होत नाही. त्यांना विचारा, आज चंद्र कुठल्या महिन्यातला आहे? ती वर बघतात. मग खांदे उडवतात.

संकष्टीलाही असंच. इथे चंद्र मुंबईपेक्षा सुमारे ३५ मिनिटं आधी उगवतो, कारण रायपूर तेवढं पूर्वेला आहे. मुंबईच्या मावशीचा फोन येईपर्यंत इथल्या पानातले मोदक संपलेले असतात.

पुरे. पुन्हा वर बघा.

चंद्र थोडा खाली सरकलाय. तुम्ही बोलत होतात तेव्हाही सरकतच होता.

आता दिवस जाऊ द्या. संध्याकाळी परत या.

सूर्य मावळतो आहे. पश्चिमेकडे पाठ करा. हो, मावळतीकडे पाठच. सगळे तिकडे बघताहेत, तुम्ही पूर्वेकडे बघा.

थांबा.

पूर्वेला क्षितिजाच्या अगदी जवळ एक निळसर राखाडी पट्टा चढतोय. त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा. गच्च्या, टाक्या, वायरी यांच्या मागे तो आधी दिसत नाही. नजर मऊ करा. सावकाश येतो.

तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याच पृथ्वीची, आपल्याच हवेवर पडलेली.

सकाळी जी फरशीखाली दाखवली, ती आता वर येते आहे.

बघत राहा. पट्टा चढतो, रुंद होतो, विरतो. मग वेगळा ओळखू येत नाही, कारण आपण तिच्यात आलेलो असतो. ती सावली खूप मोठी झाली की तिला आपण रात्र म्हणतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

खाली बाजाराचे दिवे लागलेत. काचेमागे सोनं झगमगतंय. मुलं जिन्यातून एकेक करून खोलीत येतात.

खोलीत अंधार करा. खिडकीला चादर लावा. मधोमध एकच दिवा, उघडा बल्ब, डोळ्यांच्या उंचीवर.

गोळा घ्या. दिव्याकडे तोंड करून उभे राहा. काडी धरलेला हात लांब करा आणि गोळा डोक्यापेक्षा किंचित वर ठेवा.

दिवा सूर्य. गोळा चंद्र. आणि पृथ्वी?

तुमचं डोकं. तुम्ही पृथ्वीवरून बघताय.

आता समोरचा गोळा काळा आहे. उजेड त्याच्या पलीकडच्या बाजूला पडलाय. ही अमावास्या.

पण नीट बघा. काळा म्हणावा इतका काळा नाही. अगदी मंद उजेड आहे त्यावर. कुठून आला?

तुमच्या चेहऱ्यावरून. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडून गोळ्याकडे परत जातोय. बीजेच्या चंद्राची कोर दिसते तेव्हा तिच्या कुशीतला उरलेला गोलही अंधूक दिसतो, तो याच उजेडाने. पृथ्वीने पाठवलेल्या.

तिथे जरा राहा. आपल्या चेहऱ्याचा उजेड आपण कधी बघत नाही.

आता डावीकडे वळा. फार थोडं. हात तसाच, गोळा डोळ्यांसमोर तसाच.

उजव्या कडेला एक बारीक रेघ उमटली. बीज.

आणखी थोडं वळा. चतुर्थी. पंचमी. रेघ जाड होते. घाई करू नका, प्रत्येक तिथीला एकेक श्वास द्या.

दिवा उजव्या खांद्याशी आला. गोळा अर्धा. शुद्ध अष्टमी.

थांबा. दोन्ही हातांचा तो काटकोन आठवा.

वळत राहा. दिवा पाठीमागे जातो आहे. गोळा भरत जातो. दशमी, एकादशी, त्रयोदशी. आता दिवा पूर्ण पाठीशी. गोळा पूर्ण उजळला.

पौर्णिमा.

या उजेडात ठसा शोधा. तो अजूनही तुमच्याकडेच बघतोय. तुम्ही एवढे वळलात, गोळाही तुमच्याबरोबर वळला, म्हणून तीच बाजू समोर राहिली. चंद्रही असाच. त्याचे तेच डाग आपल्या सगळ्या पिढ्यांनी पाहिले.

ठशावर मात्र उजेड फिरत गेला. अमावास्येला तिथे अंधार होता, मग सूर्य उगवला, आता दुपार आहे. पुढे मावळेल. या एका फेरीला साडेएकोणतीस दिवस लागतात. ठशात उभं राहणाऱ्याचा तो एक दिवस.

वळा. डावीकडेच. उजवी कड काळी पडायला लागली. संकष्टी आली, गेली. दिवा डाव्या खांद्याशी येतो. डावी बाजू उजळ, उजवी काळी.

ओळखीचं वाटतंय?

ही आज सकाळ आहे. हाच चंद्र, हीच बाजू. ऊन डाव्या खांद्याकडून.

इथे कुणीतरी मूल “अरे!” म्हणतं. दरवेळी म्हणेलच असं नाही. पण म्हटलं तर तुम्ही गप्प राहा. त्या “अरे”च्या पुढे बोलण्यासारखं शिक्षकाकडे काही नसतं.

पुन्हा पौर्णिमेला या. दिवा पाठीशी. गोळा डोक्याच्या वर, उजळ.

आता हात खाली आणा. अगदी हळू.

तुमच्या डोक्याची सावली गोळ्यावर चढते. आधी कडेला. मग अर्ध्यावर. मग सगळा गोळा काळवंडतो.

चंद्रग्रहण.

हात वर न्या. पुन्हा पौर्णिमा. खाली आणा. ग्रहण.

सावलीची कड बघा, ती गोल आहे. सकाळची अष्टमीची कड सरळ होती. दोन्ही अंधार वेगळे आहेत, हे डोळ्यांना कळू द्या. तोंडाने सांगायची गरज पडत नाही.

मग प्रश्न येतोच. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?

दिवा बंद करा. नेहमीचे दिवे लावा. त्या मुलीला मणी मागा. आता तो चालेल.

एक लिंबू घ्या, ४ सेंटिमीटरचं. ही पृथ्वी. तिच्या मानाने चंद्र जेमतेम १ सेंटिमीटरचा, म्हणजे हा चांदीचा मणी. मुलांना विचारा, मणी लिंबापासून किती लांब ठेवायचा?

ती जवळ ठेवतात. वीतभर. कुणी फार धीट असेल तर हातभर. पुस्तकातल्या चित्रांत दोघे शेजारी असतात, त्यांचा तरी काय दोष.

मणी उचला. लांब न्या. आणखी. आणखी. १२० सेंटिमीटरवर थांबा.

आता मधल्या रिकाम्या जागेकडे बघा.

लिंबाकडे नको, मण्याकडे नको. मधे बघा.

सगळं ग्रहण या रिकाम्या जागेत आहे.

सूर्य खोलीत मावणार नाही. या मापाने तो ४ मीटरहून मोठा आणि साधारण ४७० मीटर दूर. मनानेच तिकडे जा. जिना उतरा, दुकानांवरून, माणसांमधून, बाजार मागे टाकत. तिथे एक मजलाभर उंचीचा जळता गोल. त्याच्या उजेडात हे लिंबू आणि हा मणी.

परत या. बसा.

लिंबाची सावली मण्यापर्यंत पोचते तेव्हा ती फक्त ३ सेंटिमीटर रुंद उरते. मण्याची वाट सूर्याच्या वाटेशी ५ अंशांनी कललेली. या अंतरावर ते ५ अंश म्हणजे जवळजवळ ११ सेंटिमीटर, अर्धी वीत. म्हणजे पौर्णिमेचा मणी सावलीच्या अर्धी वीत वरून जाऊ शकतो, अर्धी वीत खालूनही.

मणी वर धरा. सावली चुकली. खाली धरा. चुकली.

बहुतेक पौर्णिमा अशाच जातात. चुकून.

दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या दोन जागा म्हणजे राहू आणि केतू. पंचांगवाले त्यांना पात म्हणतात आणि त्यांचं गणित करतात. रायगड जिल्ह्यातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिलं, त्यातही हे गणित आहे. त्याच्याही हजार वर्षं आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने ग्रहण ही सावलीची गोष्ट असल्याचं लिहून ठेवलं होतं. सूर्य या जागांपाशी आला की दोन पौर्णिमा-अमावास्यांच्या आत ग्रहण होतं, मग पुन्हा सहा महिन्यांनी.

मुलांच्या घरी ग्रहणात चूल पेटत नाही, पाण्यात तुळशीपत्र पडतं, देवळाचं दार बंद होतं. आजीशी वाद घालायला मुलांना पाठवू नका. गच्चीवर पाठवा.

आता मणी उलट बाजूला. लिंबू आणि तो दूरचा सूर्य यांच्या मधे.

मण्याची सावली लिंबाकडे येते. येता येता टोकदार होत जाते. लिंबापर्यंत पोचेस्तोवर तिचं टोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं उरतं. पोचली तर. कधीकधी पोचतही नाही, मग कंकणाकृती ग्रहण दिसतं.

लिंबाच्या सालीवर सुईने एक ठिपका करा. एवढी ती सावली.

त्या ठिपक्याकडे बघा. थांबा.

२२ जानेवारी १८९८ ला हा ठिपका महाराष्ट्रावरून सरकत गेला. विजयदुर्गला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आले होते. सोलापूर भागातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला होते, आणि थेट कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे लोक. विदर्भात तळणीला खगोलशास्त्रज्ञ मॉण्डर पतीपत्नी, पुलगावला आणखी एक तुकडी. जगभरातली माणसं आगबोटी, आगगाड्या, बैलगाड्यांतून सामान वाहून या एका ठिपक्याच्या वाटेत येऊन उभी राहिली, दोन मिनिटांच्या अंधारासाठी. ठिपका पुढे शहडोलकडे गेला. रायपूर बाजूला राहिलं.

२२ जुलै २००९ ला पुन्हा तसंच. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा. रायपूर पुन्हा पट्ट्याबाहेर, खंडग्रासात.

असं वाईट वाटून घेऊ नका. चंद्रग्रहणाला ठिपका नसतो. ज्यांच्या डोक्यावर तेव्हा चंद्र आहे, त्या सगळ्यांना ते मिळतं. सदर बाजारालाही.

७ सप्टेंबर २०२५ ची रात्र. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची. ९ वाजून ५७ मिनिटांनी सावली लागली. ११ पासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत.

मनाने त्या रात्रीत या.

सावलीत गेलेला चंद्र नाहीसा होत नाही. तांबडा होतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जेवढा उजेड आत येतो, तेवढाच त्याला मिळतो. संध्याकाळी मावळतीला जो रंग असतो, तोच.

चांदणं ओसरलं की आधी न दिसलेले तारे वर येतात. ढग नसतील तर मोजत बसू नका. नुसते येऊ द्या.

सूर्यग्रहणाचं तेवढं मुलांना बजावून ठेवा. उघड्या डोळ्यांनी, गॉगलमधून, एक्स-रेच्या फिल्ममधून कधीही बघायचं नाही. ग्रहणाचे खास चष्मे, नाहीतर पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर पडलेलं प्रतिबिंब. चंद्रग्रहणाला मात्र काहीच लागत नाही. डोळे आणि गच्ची.

गोळा कपाटात ठेवून द्या. मणी त्या मुलीला परत करा.

कॅलेंडरच्या पुढच्या पानांवर एक खूण करा, ३१ डिसेंबर २०२८, रविवार. पौष पौर्णिमा, म्हणजे इथल्या छेरछेरा सणाची. रात्री साडेआठनंतर चंद्राला सावली लागेल, पावणेदहाच्या सुमाराला तो पूर्ण आत जाईल आणि बारा वाजून गेल्यावर मोकळा होईल. तेव्हा खाली फटाके वाजत असतील.

त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी लिंबू आणि मणी पुन्हा काढा. मुलं तोवर मोठी झालेली असतील. त्यांना म्हणा, मणी सावलीत सरकवा, पण आधी सांगा, सावली चंद्राच्या कुठल्या कडेपासून आत शिरेल? वरच्या की खालच्या? रायपुरात, त्या वेळी, पूर्वेला वर चढत असलेल्या चंद्राच्या?

उत्तर पाटीवर लिहून घ्या. प्रत्येकाचं वेगळं लिहा, नावानिशी.